वीस घोड्यांचा शोध

इंडियानापोलिस,
२३ मार्च २००३

मोऱ्या,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणाची लग्नपत्रिका नाही. ऑफिसच्या ईमेलमध्ये दोन्हीकडचे वकील नाक खुपसून बसलेत आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद आणि शाई. देवनागरी वाचणारा वकील आपल्या दोन्ही कंपन्यांना अजून सापडलेला नाही.

पहिल्या शर्यतीत तुमच्या इंजिनांनी पहिले सात नंबर घेतले, अभिनंदन. आमची गाडी पाहिलीस का? नसशील. ती तुमच्यामागून, एक लॅप उशिरा, अदबीनं आली. कारण तुला सांगायला नको. ओव्हलच्या लंबगोल ट्रॅकवर ड्रायव्हर गॅसवरचा पाय उचलतच नाही. दोनशे लॅप नुसतं डावीकडे वळायचं, त्यात त्याची हुशारी कितीशी पुरणार? इंजिनात असेल तेवढंच दिसतं. आमच्यात तुमच्यापेक्षा वीस हॉर्सपॉवर, अख्खे वीस घोडे कमी आहेत. टेस्टिंगच्या खोलीत इंजिन बांधून मी स्वतः ताकद मोजतो. रोज मोजतो, आणि रोज तेवढीच भरते.

आता कामाचं. लीगला बरोबरी हवी आहे. शेवटच्या लॅपला दोन गाड्या नाकाला नाक लावून आल्या की तिकिटं खपतात. म्हणून आम्ही ताकद वाढवणाऱ्या नव्या सिलिंडर हेडची परवानगी मागितली आहे. लीगमध्ये इंजिनं आपल्या दोनच कंपन्यांची, त्यामुळे तुमची हरकत नसेल तर ती मिळेल. तुझ्या बॉसनं तुझं मत विचारलं तर एवढंच सांग, की विनय खरं बोलतोय.

हे सगळं विनोदानं लिहितोय, पण विनोदाचं नाही. या सीझनला गाडी वर आली नाही तर कंपनी इंजिनाच्या धंद्यातून गाशा गुंडाळणार. म्हणजे माझा व्हिसाही त्या गाशात. ग्रीन कार्डाचे कागद अर्ध्यावर अडकलेत, दीपाला इथे नोकरीची परवानगी नाही, आणि उर्वीला आत्ता कुठे किंडरगार्टनमध्ये मैत्रिणी मिळाल्यात. नागपूरला परत जायला मी तयार आहे रे. हरून जायला नाही.

कांचनला नमस्कार.

तुझा,
विनय


शिकागो,
६ एप्रिल २००३

चि. विन्यास,

घोडे कितीही कमी असले तरी आशीर्वाद पूर्ण.

पत्र वाचून इतका हसलो की कांचन हातातली पोळी तव्यावर टाकून बघायला आली. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘बिचाऱ्याचं खरंच वाईट चाललेलं दिसतंय.’ तिला तू माहीत नाहीस. मला माहीत आहेस.

स्टेट कॉलेज गावातलं आपलं विद्यार्थीदशेचं अपार्टमेंट आठव. हीट ट्रान्सफरच्या फायनलच्या आदल्या दिवशी कॅम्पसच्या बसमध्ये तू रडवेला चेहरा करून म्हणालास, ‘यार, काहीच वाचलं नाही, मी गेलो!’ मला दया आली. माझा अभ्यास बाजूला ठेवून मी तुला तीन चॅप्टर समजावून सांगितले. निकाल काय लागला? तुला अठ्ठ्याण्णव, मला एकसष्ट. समजावणारा मी!

आणि तुला एकट्याला का बोलू? आपल्याकडे पहिला येणारा प्रत्येक मुलगा परीक्षेच्या दाराशी हेच म्हणतो. ‘पेपर मस्त गेला’ असं फक्त नापास होणारे म्हणतात. तेव्हा तू ‘आमच्यात वीस घोडे कमी आहेत’ असं लिहितोस, त्याचा मराठीत अर्थ एकच होतो: आठ-दहा जास्तच आहेत.

इथले मेकॅनिक या विद्येला वाळूची पोती म्हणतात. सरावात गाडीवर पोती लादल्यासारखं रखडत जायचं, लीगपुढे डोळे पुसायचे, सवलत पदरात पाडून घ्यायची आणि मोठ्या शर्यतीला पोती फेकून द्यायची. अमेरिकेला वाटतं, हा शोध तिचा आहे. मी परवा लंचला माझ्या बॉसला, हँकला, तुझा हीट ट्रान्सफरचा किस्सा सांगितला. म्हटलं, आमच्या देशात हे मुलं दहावीलाच शिकतात. हँक जेवायचा थांबला. म्हणाला, ‘सो ही इज डूइंग इट नाऊ?’ मी म्हटलं, खात्री देत नाही, पण रेकॉर्ड चांगलं आहे. त्यानं सँडविचखालच्या नॅपकिनवर तुझ्या नावाचं स्पेलिंग लिहून घेतलं. बघ, एका जेवणात तुला फेमस केलं की नाही!

नव्या हेडचं म्हणशील तर हँकचा बरोबरीला पूर्ण पाठिंबा आहे. आम्ही सात नंबर घेतल्यापासून तर तो बरोबरीवर फारच बोलतो.

दीपाला सांग, काळजी करू नकोस, तुझा नवरा पहिला येणार आहे.

तुझा,
मोरेश्वर


इंडियानापोलिस,
१५ जून २००३

मोरेश्वर,

तुझ्या नॅपकिनची फळं मिळाली.

तुमच्या कंपनीनं लीगला रीतसर कळवलं की आम्ही ताकद लपवतोय. हेडची परवानगी नामंजूर झाली आणि वर लीगचे तीन इन्स्पेक्टर आमच्याकडे मुक्कामाला आले. त्यांनी इंजिन खोललं. पिस्टन मोजले, व्हॉल्व्ह मोजले, कॉम्प्युटरमधली एकेक ओळ वाचली. माझ्या डब्याचा वास घेऊन हे कसलं इंधन आहे असंही एकानं विचारलं. मेथीची भाजी होती. मग त्यांनी आपल्या हातानं इंजिन चालवून ताकद मोजली. वीस घोडे कमी! मला वाटलं, सुटलो. तर त्यांच्यातला म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, ‘मी तीस वर्षं हे काम करतोय. इतक्या सफाईनं लपवलेलं कधी पाहिलं नाही.’

म्हणजे सापडलं असतं तर चोर, आणि सापडलं नाही तर महाचोर.

त्यात टेक्सासची शर्यत. आमचा ड्रायव्हर पाचवा आला, आणि तेच आमच्या मुळावर आलं. तुला माहीत आहे तो पाचवा कसा आला ते. तुमच्या गाडीच्या शेपटाला चिकटून. पुढची गाडी हवा कापते, मागच्याला फुकटची ओढ मिळते. शाळेत असताना आम्ही चढावर ट्रकच्या मागे सायकल घालायचो तसंच. तेवढ्यानं सायकल ट्रक होत नाही. शेवटच्या लॅपला त्यानं पुढे जायला गाडी बाहेर काढली मात्र, हवेची भिंत लागली आणि ती जागच्या जागी उभी राहिल्यासारखी झाली. टीव्हीवर तेवढं दाखवलं नाही. टीव्हीवर ‘पाचवा’ दाखवलं.

आता हीट ट्रान्सफरचं. त्या वेळी माझा अभ्यास झाला होता. दोनदा. तुझ्यासमोर रडलो ते खोटं होतं, कारण झाला म्हटलं की नजर लागते असं आमच्या घरी सगळे मानतात. पण पेपर आणि इंजिन यांत फरक आहे मोऱ्या. पेपराला उद्या मार्क पडतात आणि खोटं उघडं होतं. या इंजिनाला आम्ही दोन वर्षं दर रविवारी मार्क पाडून घेतोय, आणि ते दर रविवारी नापास होतंय. आणखी किती पुरावा देऊ?

हँकला सांग, तुझी चूक झाली. एवढंच कर.

विनय


शिकागो,
१३ जुलै २००३

प्रिय विन्या,

रागावलास वाटतं. मोरेश्वर असं पूर्ण नाव फक्त माझी आई आणि इमिग्रेशनवाले घेतात.

‘अभ्यास झाला होता, दोनदा’ हे वाचून मला जे सुख झालं ते आमच्या गाडीच्या जिंकण्यानंही झालं नाही. आठ वर्षांनी कबुली! आता मला सांग, ज्या माणसानं एका पेपरसाठी आठ वर्षं तोंड उघडलं नाही, तो चालू सीझनमध्ये खरं सांगेल? मी काय पेठेतून काल आलोय? आणि ‘फुकटची ओढ मिळाली’ हे कारण मी स्वतः हँकला इतक्या वेळा दिलंय की ते ऐकलं की माझा हात आपोआप खिशावर जातो.

बाकी तुझ्या कीर्तीनं आमच्याकडे क्रांती केली आहे. हँकचं म्हणणं, विनय रडून सवलत मिळवू शकतो तर आपण का मागे राहायचं? म्हणून आता दर मंगळवारी आमच्याकडे रडायची मीटिंग असते. प्रत्येकानं आपल्या खात्याचं एक दुखणं घेऊन यायचं. माझ्याकडे व्हायब्रेशन आहे, थोडं वाढवून सांगतो. मागच्या आठवड्यात सरावाला आमच्या ड्रायव्हरला हळू जायला सांगितलं होतं. त्या भल्या माणसाला हळू जायचं कसं ते येईना, शेवटी त्याला सरळ रस्त्यावर पाय उचलायचं ट्रेनिंग दिलं. तुमचाही ड्रायव्हर हळू, आमचाही हळू. प्रेक्षकांत बसलेला एक शेतकरी म्हणाला म्हणे, की याहून माझा ट्रॅक्टर बरा. लीग खूश आहे. इतकी बरोबरी त्यांनी कधी पाहिली नव्हती.

ताकद लपवल्याच्या संशयावरून लीगनं तुमच्या इंजिनाचे फिरायचे फेरे कमी केल्याचं वाचलं. दर मिनिटाला तीनशे, नाही का? मनाला लावून घेऊ नकोस. आता तरी लपवलेले घोडे बाहेर काढ आणि आम्हाला एकदा नीट हरव बघू. मला आवडेल ते, खरंच. हरायचंच तर परक्याकडून कशाला?

गणपतीला शिकागोला या. मंडळाची आरती आहे, नंतर देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर जाऊन जिलेबी खाऊ. पार्किंग मिळालं तर.

तुझा,
मोऱ्या


इंडियानापोलिस,
१७ ऑगस्ट २००३

मोरेश्वर भाऊजी,

नमस्कार. हे पत्र मी विनयला न विचारता लिहिते आहे. त्यानं तुमच्या जुलैच्या पत्राला उत्तर दिलं नाही, त्याचा अर्थ तुम्ही ‘गडी घोडे जोडतोय’ असा लावला असणार. म्हणून सरळच सांगते.

घोडे नाहीत. कधीच नव्हते. फेरे कमी केल्यावर होती तेवढीही ताकद गेली. मागच्या तिन्ही शर्यतींत गाडी शेवटची आली. ड्रायव्हर सोडून गेला. शुक्रवारी कंपनीनं सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून सांगितलं की सप्टेंबरअखेर इंजिनाचं काम बंद. नंतर केकही दिला. विनय तो केक रुमालात गुंडाळून उर्वीसाठी घेऊन आला. तिनं विचारलं, ‘बाबा, हूज बर्थडे इज इट?’

मी त्याची बायको आहे. त्याचं ते अभ्यास-झाला-नाही मलाही पाठ आहे. लग्नाआधी भेटलो तेव्हा म्हणाला होता, माझ्यात बघण्यासारखं काही नाही. पण तुम्हाला त्याची एक गोष्ट कळली नाही, आठ वर्षांत. सगळं ठीक असतं तेव्हा तो रडतो, विनोद करतो, नजर लागेल म्हणून घाबरतो. खरंच वाईट असतं तेव्हा तो आकडा सांगतो. नुसता आकडा. त्यानं तुम्हाला पहिल्याच पत्रात आकडा सांगितला होता.

नोकरी संपली की व्हिसा संपला. दुसरीकडे अर्ज केले, तर एकानं फोनवर सांगितलं, ‘ज्यांनी लीगला फसवलं ते तुम्हीच ना?’ हे मात्र त्याला सोसत नाही. इंजिन कमी पडलं हे तो पचवेल. खोटारडा म्हणून घरी जाणं त्याला पचणार नाही, आणि खरं सांगते, मलाही नाही.

हा घोळ तुम्ही जेवता जेवता घातलात. निस्तरायचाही तुम्हीच. कांचनला विचारा, ती काय म्हणाली होती मार्चमधलं पत्र वाचून. मला फोनवर सांगितलंय तिनं.

रागावून लिहिलं आहे. पण खाडाखोड करणार नाही.

दीपा


शिकागो,
३१ ऑगस्ट २००३

दीपा,

मी गाढव आहे. हे मी कांचनला, हँकला आणि लीगला, तिघांनाही सांगितलं. विश्वास फक्त कांचननं ठेवला.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी हँकच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, माझा किस्सा कॉलेजचा होता, इंजिनाचा नव्हता. विनय पहिल्या दिवसापासून खरं बोलतोय. हँकनं उठून दार लावलं. मग हळू आवाजात विचारलं, ‘मो, त्यांनी तुला किती ऑफर केलं?’ मी डोकं धरून बसलो तर त्याला वाटलं, रक्कम आठवतोय.

मग लीगच्या त्या म्हाताऱ्या इन्स्पेक्टरला फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यानं. शेवटी म्हणाला, ‘नाइस. तुमची कंपनी पुढच्या वर्षी काय मागणार आहे?’ या धंद्यात एकदा सगळे रडायला लागले की खरं रडणं कसं ओळखायचं, हे कोणालाच ठाऊक नाही. त्या मीटिंगा मी स्वतः रंगवल्या आहेत, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करू?

इंजिन वाचवणं माझ्या हातात राहिलं नाही. पण एक घडलं आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटते. मी केबिनमधून निघताना हँक म्हणाला, ‘तो माणूस मोकळा होतोय का? मला भेटायचंय त्याला.’ मी विचारलं, कशासाठी? तर म्हणाला, ‘तीन इन्स्पेक्टरांनी अख्खं इंजिन उघडलं आणि त्यांना वीस घोडे सापडले नाहीत. असा माणूस दुसऱ्याकडे जाऊ द्यायचा नाही.’

मी पुन्हा सांगितलं की घोडे नव्हतेच. त्यानं मला डोळा मारला.

नोकरी खरी आहे. व्हिसा ते ट्रान्सफर करतील, ग्रीन कार्डाचे कागद पुन्हा सुरू करतील, वकिलाला मी स्वतः विचारलं. विनयला पाठव. तिथे काय बोलायचं ते मी सांगणार नाही, मला यापुढे कोणाला काही सांगायचा अधिकार नाही. मी त्याच्या भेटीच्या दिवशी कॅन्ससच्या ट्रॅकवर असेन, म्हणजे त्याला माझं तोंडही बघावं लागणार नाही.

आज गणपती बसले. मंडळात आरतीला उभा होतो. मागण्यासारखं एकच होतं.

मोरेश्वर


इंडियानापोलिस,
२१ सप्टेंबर २००३

मोऱ्या,

तुमच्याकडे जाऊन आलो.

जाताना गाडीत ठरवलं होतं की काही झालं तरी खोटं बोलायचं नाही. दीपाला तसं सांगितलंही. ती म्हणाली, ‘खरं बोल. फक्त उर्वीची शाळा सुरू झाली आहे हे लक्षात ठेव.’ आता याचा अर्थ काय लावायचा ते मला सगळ्या रस्त्यात कळलं नाही.

खोलीत हँक होता आणि आणखी दोघं. कॉफी दिली. हँकनं हात चोळत विचारलं, ‘सो. व्हेअर वॉज इट?’ मी म्हटलं, नव्हतीच. ताकद कमी होती, हवा आत घेणाऱ्या इनटेकची रचना आमची चुकली होती. कुठे चुकली ते मी फळ्यावर काढून दाखवलं, सगळे आकडे लिहिले. दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला शेवटपर्यंत बोलू दिलं. माझं इंजिन का हरलं हे मी इतकं नीट याआधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. बोलता बोलता मला बरं वाटायला लागलं रे. वाटलं, नोकरी गेली खड्ड्यात, एवढं तरी कुणाला पटलं.

मी खडू खाली ठेवला. मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. हँक डोळे पुसत म्हणाला, ‘बघितलंत? समोर नोकरी आहे, तरी सांगत नाही. हाच माणूस पाहिजे.’

ऑफर लेटर तिथेच छापून दिलं. मी ओरडून सांगायला हवं होतं की अहो, हे खरं आहे. तोंड उघडलंही होतं. पण उर्वीची शाळा आठवली आणि ते मिटलं. म्हणजे मी सगळं खरं बोललो, आणि शेवटी गप्प बसून एकच खोटं बोललो, आणि पगार त्या खोट्याचा मिळणार आहे. दीपा काल रडली. आनंदानं असं ती म्हणते. माझं ते इंजिन काल मालधक्क्यावरून भंगारात गेलं. त्याच्यावरून हात फिरवून आलो. कमी ताकदीचं होतं, पण एका घोड्याचंही खोटं कधी बोललं नाही बिचारं.

तुझ्यावर मी अजून रागावलेला आहे. तो राग किती दिवस राहील माहीत नाही, पण एका ऑफिसात बसून तो धरणं अवघड जाईल, म्हणून आधीच कळवून ठेवतो.

हँकनं पहिलं काम दिलं आहे. लीगची पुढची तपासणी तुमच्याकडे आहे, त्याआधी तुमच्या इंजिनातले वीस घोडे मी लपवायचे आहेत. मोऱ्या, मला हे येत नाही. कधीच आलं नाही. ते कसं करतात याची मला काडीची कल्पना नाही, आणि मी सोमवारी रुजू होतोय. तू हसणार हे मला माहीत आहे. पण हसून झालं की शिकव.

विनय